कोणाची गं तू?

दाराच्या लोखंडी जाळीवर बोट वाजवलं की आतून आधी प्रश्न यायचा, "कोणाची गं तू?" मग कडी निघायची. अंकलना मराठी येत होतं ते तेवढंच, बोटीवरच्या कोकणी खलाशांकडून शिकलेलं. तुम्हालाही गावात कुणा म्हाताऱ्याने असंच अडवलं असेल.

"नेहमीचीच, अंकल."

"हे उत्तर नव्हे," ते इंग्रजीत म्हणायचे.

तोआ पायोह या परदेशातल्या आमच्या वसाहतीत, आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला ते एकटे राहायचे. मूळचे वेल्सचे, बोटीवरून निवृत्त झालेले इंजिनिअर. डोळे गेले होते. शनिवारी दुपारी मी त्यांची पत्रं वाचून दाखवायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझे उच्चार चुकले तरी ते कधी हसले नाहीत.

त्यांचं आडनाव बोवेन, म्हणजे ओवेनचा मुलगा. "पूर्वी आमच्यात आडनावच नव्हतं," ते सांगायचे. "बापाचं नाव मागे लावायचं, दर पिढीला नवं. मग एका कारकुनाने ते कायमचं लिहून टाकलं, आणि आम्ही सगळे त्या एकाच ओवेनची पोरं झालो! माझा बाप टोमोस. त्याने काय करावं?"

म्हणून ते रोज यादी म्हणायचे. मी टोमोसचा, टोमोस रीसचा, रीस ह्यूचा, असं थेट ओवेनपर्यंत. प्रत्येक नावानंतर थांबायचे, हजेरी घेतल्यासारखे, आणि मान हलवायचे.

"आलं का कुणी?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

"सगळे येतात. पण नाव घेतल्याशिवाय कुणाला आत येता येत नाही." मग हळूच, "मला कोण बोलावणार?" त्यांना मूल नव्हतं.

एका शनिवारी यादी अर्ध्यावर सोडून ते म्हणाले, "तुझ्यामागून दर वेळी एक जण येतो. जाड तळाचे बूट. त्याचं नाव घे. बाहेर उभा आहे."

कॉरिडॉर रिकामा होता. कुणाचे तरी कपडे वाळत होते.

माझे बाबा बोटीवर फिटर होते. काही वर्षांपूर्वी समुद्रात नाहीसे झाले, सापडले नाहीत. आई अजून मंगळसूत्र घालते. नाव घेतलं तर ते गेलेल्यांत जमा होतील, या भीतीने आम्ही दोघी घरात त्यांचं नाव उच्चारत नव्हतो. अंकलना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"नाही घेणार."

"वेडे, बापाचं नाव काय तो मेल्यावरच लावतात?"

त्याच आठवड्यात त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. ते परत आले नाहीत.

शनिवारी सवयीने मी त्यांच्या दाराशी गेले. जाळीला कुलूप होतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी यादी म्हटली, या वेळी त्यांच्या नावापासून. ओवेनपाशी थांबले. आतून कडी निघाल्याचा आवाज आला. कुलूप तसंच होतं.

मग माझ्यामागे जाड तळाचे बूट येऊन थांबले.

मी वळून बघितलं नाही. फक्त माझं नाव सांगितलं. पूर्ण. आधी माझं, मग बाबांचं, मग आडनाव.

घरी आईने दार उघडलं. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मग आत जाऊन तिने ताटं मांडली. तीन.