काकीची ओळ कापताना

ऑपरेशननंतर काकीचा गळा बसला तो बसलाच. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते, तेही दम घेत घेत. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात धानाच्या रोवणीच्या वेळी गाणं तीच सुरू करायची. ऑपरेशनच्या आदल्या पावसाळ्यात मी बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला उभी राहून फोनवर ते रेकॉर्ड केलं होतं. तिच्या गाण्याचं आता तेवढंच उरलं आहे.

मी लॅपटॉपवर बीट्स, म्हणजे गाण्यांचे ठेके, बनवते. घरात फारसं कुणाला सांगत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे गावात माझं बोलणं आधीच मोजकं. हेडफोन लावले की कुणी काही विचारतही नाही. काकीनं मात्र एक दिवस विचारलं, "माहा आवाज हाये ना तुह्याजवळ? ऐकव."

मला तिला तिचा एकटीचा आवाज द्यायचा होता. तिथंच अडलं. रोवणीत पुढं गाणारी बाई ओळ संपवायच्या आधीच बाकीच्या बाया ती उचलतात. काकीचा शेवटचा शब्द कुठं संपतो आणि त्यांचा कुठं सुरू होतो, हे स्क्रीनवरच्या आवाजाच्या लाटांतही दिसत नव्हतं. मी तो शब्दच सोडला, त्याच्या अलीकडे कापलं. सुरुवातीचा श्वासही कापला, कारण तो ठेवला की ठेका अडखळायचा. उरलेला तुकडा ठेक्यावर पुन्हा पुन्हा फिरत राहिला. मला आवडला.

दुपारी रोवणीतल्या दोघी काकीला भेटायला आल्या होत्या. ओसरीत मी छोट्या स्पीकरवर तो लावला.

"अवं, हे एकटीच काऊन गाऊन राहिली?" त्यांतली एक म्हणाली. "आमी का मेलो होतो?"

"तुह्या भसाड्या आवाजानं मशीन बंद पडली असती," दुसरी म्हणाली. दोघी हसल्या.

काकी हसली नाही. तिचा हात गळ्यावर गेला होता.

"बंद कर," ती म्हणाली. मग थांबून, "मले दम घ्याले जागाच नाही ठेवली वं पोरी. ह्या ओळ उचलत, तवा मले दम भेटे."

सॉफ्टवेअरमध्ये कापलेलं खरं तर जात नाही. कड धरून ओढली की परत येतं. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. सुरुवातीची कड ओढली, श्वास आला. शेवटची ओढली, बाया आल्या, चिखलातली पावलं आली, कुणाचा तरी खोकला आला. इतकं सगळं ठेक्यात बसेना. मी ठेका काढून टाकला आणि पुन्हा लावलं.

या वेळी काकीनं डोळे मिटले. ओळ सुरू झाली तसे तिचे ओठ हलायला लागले, आवाजाशिवाय. ओळ संपत आली आणि स्पीकरमधल्या बायांच्या आधी ओसरीतल्या दोघींनीच ती उचलली. काकीनं दम घेतला. पुढच्या ओळीला तिचे ओठ स्पीकरच्या थोडे आधीच उघडले.