एका फोनची मर्यादा

काकांच्या अंत्यसंस्काराला स्मशानात फक्त माझ्याच फोनला रेंज होती. बाकावरच्या सगळ्यांनी माझा हॉटस्पॉट घेतला. कुणी स्कोअर पाहत होतं, कुणी रील्स. तेवढ्यात काकांच्या मुलीचा दुबईहून व्हिडिओ कॉल आला.

"दादा, बाबांचं तोंड दाखव रे."

मी फोन चितेकडे धरला; फक्त तोंडावरची लाकडं रचायची राहिली होती. आवाज आला, पण चित्राच्या जागी नुसतं चक्र फिरत राहिलं.

एका ग्राहकाच्या फोनवरून एका वेळी इंटरनेटची किती कनेक्शनं चालू द्यायची, हे ठरवणं मोबाइल कंपनीतलं माझंच काम. एकट्यानं सगळ्यांची वाट अडवू नये, म्हणून ही मर्यादा. हॉटस्पॉटवरचे सगळे माझ्याच नावावर मोजले जात होते. मर्यादा भरली की पुढचं कनेक्शन नाकारायचं. कोण कशासाठी आलंय, हे यंत्र विचारत नाही. आधी आलेलं क्रिकेट आत, मागून आलेली लेक बाहेर.

"हॉटस्पॉट सोडा सगळे!" मी ओरडलो.

माना वर झाल्या. चित्र आलं.

"दादा, नुसती लाकडं दिसतायत," ती म्हणाली.