रुद्रभूमीतली गंगम्माची जागा

गंगम्मा अव्वाचं गोळ्या-बिस्किटांचं दुकान नगरपरिषदेच्या फाटकासमोर. बिदरकडून लग्न होऊन आली. मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलते, पण चिडली की कानडीत जाते. गावात घरपट्टी सगळ्यात आधी भरणारी बाई हीच. शेजारीपाजारी हसायचे, "अव्वा, तुझ्यावरच नगरपरिषद चालून राहिली." अव्वा म्हणायची, "चालू द्या की. कुणाच्या तरी उपयोगी पडतंय."

नवरा बसलिंगप्पा भर पावसाळ्यात गेला. आमच्याकडं लिंगायत माणसाला बसवून, हातावर लिंग ठेवून रुद्रभूमीत पुरतात. त्या दिवशी रुद्रभूमीत गुडघाभर चिखल. खांदेकरी घसरले, बसलिंगप्पाला बसवलेलं विमान कललं, मालकाची मान एका बाजूला पडली. ते अव्वाच्या डोळ्यापुढून जाईना.

बसलिंगप्पानं जिवंतपणीच बजावून ठेवलं होतं, माझ्यावर चौथरा नको, पाटी नको. म्हणून खूण केली न्हाई. अव्वा दर सोमवारी जायची, बाभळीच्या खुंटापासून पावलं मोजून जागा गाठायची, गवत उपटायची. शेजारची जागा झाडून ठेवायची. पोराला, संगमेशला, म्हणायची, "ही माझी. मालकाच्या उजव्या अंगाला. दुसऱ्या कुणाला खांदू देऊ नको."

आणि चिखलाचं काहीतरी करा म्हणून नगरपरिषदेत दरखास्ती देऊन राहिली. बांधकामाच्या टेबलावर व्यंकटी. तो दरसाल तेच सांगायचा.

"अव्वा, बजेटमदी न्हाई."

"मग घाला की."

"घालणार कोण? इलेक्शन न्हाई, नगरसेवक न्हाईत. प्रशासक साहेबच ठराव मांडतेत, साहेबच मंजूर करतेत."

"एकाच माणसाचं काम हाय तर मग एवढा उशीर कशापायी? सोताशीच भांडून राहिले काय?"

सगळं हापिस हसलं. व्यंकटीनं चहा पाजला.

यंदा मार्चमधी वरून निधी आला. महिनाअखेर खर्च न्हाई झाला तर परत जाणार. अव्वा तेव्हा संगमेशसोबत निलंग्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. परत आली तर स्टँडवरच कुणीतरी म्हणलं, "अव्वा, जितलीस! तुझं काम झालं."

ती घरी गेलीच न्हाई. नारळ घेतला आणि संगमेशला घेऊन थेट रुद्रभूमीत. चिखल कुठंच नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-पिवळे ब्लॉक. भिंतही नवी, दोन-चार हात आत सरकवून बांधलेली. बाभळीचा खुंट उपटून नेलेला.

नारळ तसाच हातात घेऊन अव्वा व्यंकटीपुढं उभी राहिली.

"खाली माणसं हायेत रे, बाबा."

"हायेतच की. कुणी काढली न्हाईत."

"मला कुठं पुरणार?"

"मागच्या अंगाला जागा प्रस्तावित हाय." व्यंकटीनं मान खाली घातली. "अव्वा, तुमच्याच दरखास्तीवर झालंय काम. एक जागा मोकळी आन् झाडलेली दिसली, साहेबानं तिथूनच सुरू करा म्हणलं. आता उखडायचं म्हणलं तर नवा ठराव लागंल."

अव्वा कानडीत काहीतरी बोलली. व्यंकटीला कळलं न्हाई. संगमेशला कळलं, त्यानं तिचा दंड धरला.

ब्लॉक बसवणाऱ्या गुत्तेदाराचा मुकादम सुदाम बाहेरच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "अव्वा, ठराव-बिराव जाऊ द्या. बिलासाठी मोजमापवाले उद्या येणार. त्याच्या आत तुमच्यापुरते ब्लॉक काढून देतो. नुसती जागा दाखवा."

तिघं परत गेले. सुदामनं पहार टेकवली. अव्वा भिंतीपासून चालत निघाली, थांबली. पायाखाली पाहिलं. परत भिंतीकडं गेली, पुन्हा चालत आली, तर दुसरीकडंच थांबली.

"इथं काय?"

"इथं... न्हाई, जरा तिकडं. थांब."

"संगमेश, तुमाला तरी ठावं हाय का?"

संगमेश दोन्ही भिंतींकडं बघत राहिला. चुकीचा ब्लॉक निघाला तर खाली कुणाचा बाप बसलेला असंल, सांगता येत नव्हतं. अव्वा म्हणाली, "नको. राहू दे, बाबा."

सुदाम पहार खांद्यावर टाकून मजुरांकडं गेला. अव्वा तिथंच ब्लॉकवर बसली, आणि संगमेश ऊन लागंल म्हणून तिच्यावर सावली करून उभा राहिला.