दुरडीखालची भाकरी

आमच्या मार्गासनीत हरिनाम सप्ता बसला की पंगतीसाठी घरोघरच्या भाकरी देवळात जातात. आज त्या गोळा करणारा टेम्पो दारात आला, गरम भाकरींचा वास आला आणि माझी सुमी आठवली.

आठ वर्षांची होती. माझ्याशेजारी बसून हट्टानं तिनं आयुष्यातली पहिली भाकरी थापली. कडा फाटलेली, मधे करपलेली. "आई, ही बी देवळात," म्हणत फडक्यात ठेवली. देवळात बायका एकमेकींच्या भाकरी उलटून बघायच्या, नावं ठेवायच्या. पोरीची पाठ वळताच मी ती काढून दुरडीखाली झाकली.

पंगतीत सुमी मान उंच करून सगळ्यांची पानं बघत होती.

"आई, माझी भाकरी कुणाला गेली गं?"

"देवानंच खाल्ली असंल. जेव तू."

केवढी हसली!

घरी येऊन ती भाकरी मी म्हशीपुढं टाकली.

त्याच वर्षी श्रावणात सुमी तापानं गेली. आमची चूल थंड होती, तेव्हा त्याच बायका आपापल्या भाकरी घेऊन आल्या, मला धरून रडल्या.

लेकीच्या हातची ती एकच भाकरी. मी तुकडा मोडूनसुद्धा बघितला नाही.