बंद करण्याआधी

"हातातलं ठेवा आधी," असं म्हणत तो दारात उभा राहिला की समजायचं, आज सर्व्हरला अपडेट आहे.

हॉस्पिटलचे संगणक तोच सांभाळायचा. नुसतं सांगून निघून जाणाऱ्यातला तो नव्हता. आपण की-बोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवेपर्यंत चौकटीला टेकून उभा. मी औषध विभागात होतो, बिलं करताना मान वर करायची फुरसत नसायची. "भाऊ, जरा थांब," म्हटलं की म्हणायचा, "घ्या ना तुमचं आवरून. मशीन काय पळून चाललंय?" रांगेतली म्हातारी माणसं सरकून त्याला जागा करून द्यायची. त्यांना वाटायचं, हाही पेशंटच.

जव्हारचं आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं. जुने तीन संगणक मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी एक मोठा सर्व्हर आला. त्याच्या पोटात तीन मशीनं चालायची: केसपेपरचं, औषधांचं आणि लॅबचं. बाहेरून घर एक, आत बिऱ्हाडं तीन. अपडेट मोठ्याला करायचं असलं तरी आधी तिन्ही बिऱ्हाडांना नीट झोपवावं लागे. नाहीतर मोठा चालू व्हायचा आणि आतलं एखादं उठायचंच नाही.

इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून अपडेटची सीडी नाशिकहून एसटीने यायची. आली त्या दिवशी तिने सर्व्हरचं तोंड पाहिलं, असं कधी झालं नाही. आधी टेबलाखालच्या जुनाट संगणकाच्या एका डब्यावर ती लावायची, डबा आठवडाभर घरघरत ठेवायचा, मग तिन्ही मशीनांच्या कॉपी घ्यायच्या. कॉपी घेऊनही समाधान नाही. ती उघडून, चालवून बघायची. मोठे डॉक्टर वैतागायचे. "अरे, अपडेट करतोयस की मुलगी देतोयस?"

"मुलगी सणाला माघारी तरी येते, सर," तो म्हणायचा.

इंटरकॉम होता, पण त्याचा याला तिटकारा. "आमच्या पोशेऱ्यात लग्नाचं आणि मयताचं घरोघर जाऊन तोंडानेच सांगतात. मशीन बंदचंही तसंच." आम्ही हसायचो. पण त्यामागे काय होतं ते मला ठाऊक आहे. सुरुवातीला एकदा त्याने इंटरकॉमवरच निरोप दिला, लॅबमध्ये तो कुणी ऐकलाच नाही आणि भरता भरता सकाळचे रिपोर्ट गेले. सूर्यमाळहून आलेल्या एका बाईचं रक्त पुन्हा काढावं लागलं. पोटुशी होती, अंगावर मांस नव्हतं. सुई टोचली तेव्हा तिने तोंड फिरवलं. हा बाहेर बाकड्यावर बसून होता. "तिच्यात आधीच काय होतं हो, की मी आणखी काढायला लावलं?" म्हणाला. त्या दिवसापासून हे दारोदार फिरणं सुरू झालं.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. दुसऱ्याच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसणारा, आणि स्वतःचं दुखणं मात्र 'बघू' म्हणून ढकलणारा.

त्याच्या हृदयाची झडप खराब होती. मोठ्या डॉक्टरांनीच ते ओळखलं. नाशिकला जाऊन ऑपरेशन कर, म्हणाले. याने विचारलं, "तेव्हा हृदय बंद ठेवतात ना, सर?"

"थोडा वेळ. मग चालू करतात."

"आणि नाही झालं तर?"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "होतं रे," म्हणाले.

वर्षभर तो हो-नाही करत राहिला. "माणसाची कॉपी घेता आली असती तर कधीच जाऊन आलो असतो," असं हसत म्हणायचा. पुढे पुढे स्टॅंडपासून हॉस्पिटलपर्यंतचा चढ त्याला एका दमात चढवेना. ओठ जांभळट दिसायला लागले. शेवटी ऐन आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"हातातलं ठेवा आधी."

"आज अपडेट? पेशंट बघ किती आहेत!"

"अपडेट नाही. उद्या नाशिकला चाललोय. ऑपरेशन करून टाकतो."

मी हात उचलले. वहिनी सोबत येणार ना, असं विचारलं. "धाकटा भाऊ असतो ना तिकडे, तो थांबेल," म्हणाला आणि पुढच्या दाराकडे गेला. सगळं हॉस्पिटल फिरला. सिस्टर रागावल्या, इतके दिवस का काढलेस म्हणून, आणि मग त्यांनीच त्याच्या खिशात अंगाऱ्याची पुडी घातली.

ऑपरेशन झालं. तो शुद्धीवर आला नाही.

आम्ही पाच-सहा जण जीप करून त्याच्या गावी, पोशेऱ्याला गेलो. वहिनी पडवीत बसल्या होत्या. पायांच्या भेगांत खाचरातला चिखल अजून तसाच होता. डोळे कोरडे.

"मला म्हणले, हापिसचं काम हाय, चार दिसांत येतो," त्या म्हणाल्या. "मी आवणीत व्हते. वर बघितलं पन नाय. म्हनलं, जा."

धाकटा भाऊ खांबाला धरून उभा होता. "दादाने शपथ घातली होती," तो पुटपुटला. "म्हणाला, ती घाबरंल. आवणी होऊ दे, बरा होऊन आलो की मीच सांगीन."

साधं मशीन बंद करायचं तर दारोदार फिरणारा माणूस. आणि घरच्या दारात त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. मला त्याचा राग आला, आणि कीवही आली.

वहिनींनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग माझ्यावर नजर थांबवली. मी वयाने मोठा होतो. "तुमाला सांगलं व्हतं का त्यांनी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "आम्हालाही नाही."

सिस्टरांनीही 'नाही' म्हणून मान हलवली. लॅबवाल्यानेही हलवली. मोठे डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

"मलाही नाही," ते म्हणाले.

तेव्हा कुठे त्या रडल्या.