न मोडणारी चांदी

आमच्या फुईला 'नाही' म्हणता येत नाही. जिभेत काही दोष आहे असं नव्हे. बोलायला लागली की एस.टी.त कंडक्टरला तिकिटाचं विचारायलाही फट सापडत नाही. पण समोरच्याने काही मागितलं की 'नाही' घशात अडकतं आणि तोंडातून 'ली जाय' निघतं. ली जाय म्हणजे घेऊन जा. गेली पन्नास वर्षं ती हेच म्हणत आली आहे.

फुई म्हणजे आत्या. आमच्या खानदेशात फुईच म्हणतात. नाव भिकुबाई. माझ्या वडिलांची थोरली बहीण, पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात दिलेली. मी मेघा. धुळ्याला देवपुरात वडिलांजवळ राहते आणि कॉलेजात कॉमर्स शिकवते. माझं लग्न का झालं नाही हा या गोष्टीचा विषय नाही, पण फुई तो दर दोन तासांनी काढते, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. अखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस आणि सांजोऱ्या हाणतात आणि सासरच्यांची मनसोक्त निंदा करतात. फुईला निंदाही धड जमत नाही. ती आली, पाणी प्यायली, कमरेची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मेघा, माले चांदी लेवानी शे."

पिशवीत म्हशीचे पैसे होते. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिने नाइलाजाने म्हैस विकली होती, आणि आमचे हिलाल फुवा, म्हणजे तिचे यजमान, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले होते, की हे पैसे तुझे, तुला काय करायचं ते कर. तिला चांदी करायची होती. मी मनात पैसे मोजले. अर्धा किलो सहज बसत होती.

मला तर स्फुरणच चढलं. वीस वर्षं पोरांना गुंतवणूक शिकवते, पण घरातलं कुणी मला कांद्याचा भावही विचारत नाही. मी वहीचं पान फाडलं आणि तक्ता काढला. वीट, बिस्किट, नाणी, दागिना. दागिना मी तिथल्या तिथे खोडून टाकला. घेताना घडणावळ द्या, विकताना घट सोसा, कशाला पाहिजे? नाण्यांवर लक्ष्मीचं चित्र असतं आणि त्या चित्राचेही पैसे लागतात. सगळ्यात चोख म्हणजे वीट. शुद्ध, शिक्क्याची, कुठेही न्या, त्या दिवसाच्या भावाने पैसे.

फुईने तक्ता उलटा धरून पाहिला. "बठ्ठं बरोबर शे," ती म्हणाली. "पन माले न मोडणारी चांदी जोयजे."

"वीट कशी मोडेल, फुई? ती काय काच आहे?"

ती नुसती हसली. मी मास्तरीण, मला वाटलं, पटलं.

आता हे 'मोडणं' काय आहे ते सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली. आपण दागिना विकत नाही, मोडतो. विकणं हा शब्द घरात वापरायला जीभ धजत नाही. फुईचं तर सगळं आयुष्यच मोडीत गेलं. लग्नात माझ्या आजोबांनी तिच्या पायांत चांदीची भरीव कडी घातली होती. ती सासरच्या विहिरीसाठी मोडली. विहिरीला पाणी लागलं, तेव्हा सासऱ्यांनी नारळ फोडला आणि पहिला पोहरा फुईच्या हातात दिला. कडी काही परत दिली नाहीत. पुढे साखळ्या केल्या, त्या नणंदेच्या लग्नात मोडल्या. कमरपट्टा केला, तो स्वप्नीलच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, डिप्लोमाच्या फीसाठी मोडला. मग शहाणी होऊन तिने नाणी जमवली. ती मोडावीसुद्धा लागली नाहीत. या बारशाला एक, त्या साखरपुड्याला एक, असं करत डबा रिकामा झाला.

गंमत म्हणजे कुणी हिसकावून नेलं नाही. हीच तर रडकथा आहे. एखादा दुष्ट सासरा, एखादा दारुडा नवरा असता तर मला निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे सगळे गोड बोलणारे. कुणीतरी ओसरीवर बसून नुसता उसासा टाकायचा, आणि फुई आतून पुरचुंडी घेऊन बाहेर यायची.

तर आम्ही चांदी घ्यायला जळगावला निघालो. धुळ्यात सराफ नाहीत असं नाही, पण चोख माल घ्यायचा तर जळगाव, हे आमच्याकडे आजही ठरलेलं आहे. पारोळा, एरंडोल करत बस पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पेढीत एवढा गारवा होता, की फुईने आधी पदर अंगभर लपेटला आणि मग काउंटरवर कोपर टेकलं. समोर हितेंद्र नावाचा हसतमुख पोरगा होता, शर्टावर नावाची पट्टी लावलेला.

"भाऊ," फुई म्हणाली, "न मोडणारी चांदी दखाड."

हितेंद्रला वाटलं, आजीला मजबुतीची काळजी आहे. त्याने शंभर ग्रॅमचं बिस्किट काढलं, हात उंच केला आणि ते खुशाल फरशीवर सोडलं. खण्णकन आवाज झाला. चार गिऱ्हाइकं वळली. "बघा आजी! ओरखडासुद्धा नाही!"

फुईने बिस्किटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आनि हाई इकाले लयनू, ते कितला टाइम लागी?"

विकायचं म्हटल्यावर तो आणखी खुलला. "बिस्किट असो की वीट, पाच मिनिटं, आजी! घट नाही, मजुरी कापणार नाही. दुपारी आणा, दुपारीच पैसे."

"पाच मिनिटमा?" फुईने बिस्किट दोन बोटांनी परत सरकवलं, चुलीवरचं तापलेलं झाकण सरकवावं तसं.

मग नाणी आली. "ह्या ते चिल्लर शेतस," ती म्हणाली. नाण्यांचा तिचा अनुभव दांडगा होता. मग हितेंद्रने, बिचारा खरोखर चांगला पोरगा, कुलदेवतेचे चांदीचे टाक काढले. देव कुणी मोडत नाही, आजी, असं त्याने स्वतःच सुचवलं. आता त्याला तिचं म्हणणं कळलं होतं. मला अजून कळलं नव्हतं, आणि कॉमर्सची बाई मी होते. फुईने टाकांना हात जोडले. देव मोडत नाहीत हे खरं, म्हणाली, पण देव देव्हाऱ्याचे असतात, घराचे असतात. तिला तिची चांदी हवी होती.

आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो. बसस्टँडवर मी केळीचे वेफर्स घेतले आणि रागारागाने एकटीनेच खायला लागले. नव्वद किलोमीटर आलो, नव्वद किलोमीटर परत जायचं, आणि हातात काय, तर वेफर्स! मी फाडफाड बोलले. तुला नेमकं पाहिजे तरी काय, फुई? जे सहज विकलं जात नाही ते घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे.

तिने माझ्या पुडीतला एक वेफर घेतला. "मेघा, माले नही म्हनताच येस नही. आते या वयमा काय शिकसू? मंग चांदीनीच नही म्हनाले जोयजे."

मी चावायची थांबले.

"जवय मी मरसू ना," ती पुढे म्हणाली, एस.टी.च्या वेळा सांगाव्यात तशी, "तवय बाया मना पाय धुतीन. पायमा काहीतरी मनं ऱ्हावाले जोयजे. मंग काढी ल्या, कोनीबी ल्या."

मला रडू आलं. वेफर्सची पुडी तिच्याकडे देऊन मी बसचा बोर्ड वाचायला लागले. बोर्ड चोपड्याचा होता, आमचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी तिने मला धुळ्याच्या जुन्या सराफ बाजारातल्या एका बोळात नेलं. तिथे झुलाल सोनार बसतात, ऐंशीच्या घरातले. फुईची लग्नातली कडी त्यांच्या वडिलांनी घडवली होती. दुकान म्हणजे एक गादी, एक शेगडी आणि एक ऐरण. फुईने अर्धा किलोची भरीव कडी सांगितली. झुलाल नाना म्हणाले, आता कोण घालतं अशी, आता पोरींना पायात दोऱ्यासारखं पैंजण हवं. पण बोलताना त्यांचा हात फुईच्या घोट्याचं माप घेतही होता.

"नाना, चांदी शुद्ध हवी हं," मी म्हटलं. सवय जात नाही.

"शुद्ध चांदी लोण्यासारखी मऊ असते, ताई. पायात टिकायची तर तांबं मिसळावं लागतं."

म्हणजे घडणावळ द्यायची, घट सोसायची आणि वर तांबंही घ्यायचं. माझ्या तक्त्यातला प्रत्येक नियम पायदळी, अगदी शब्दशः. मी गप्प राहिले. गप्प राहणं मला किती अवघड जातं ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

तीन दिवसांनी कडी तयार झाली. झुलाल नानांनी पाट टाकला, फुईचा पाय त्यावर घेतला, कड्याचं तोंड फाकवून घोट्यावर चढवलं आणि लाकडी मोगरीने ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला माझे डोळे मिटत होते, फुईचे नाही. दुसऱ्या पायाच्या वेळी नाना थांबले.

"भिकुबाई, पक्कं ना? एकदा तोंड बसवलं की ही निघत नाहीत. काढायची तर कापावी लागतील, आणि कापली की कडी गेली, नुसते तुकडे."

"तेच जोयजे," फुई म्हणाली. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "आते कोनले मोडनी व्हई, ते आधी मना पाय धराले लागतीन!"

झुलाल नाना इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी आणावं लागलं. परत येताना फुई पांझरेच्या पुलावरून चालत निघाली. रिक्षा नको म्हणाली. गुडघे दुखत होते, तरी पाय आपटून आपटून चालत होती. मीही तिच्या चालीने चालले. मला फार आनंद झाला होता.

रविवारी स्वप्नील तिला न्यायला आला. स्वप्नील सरळ पोरगा आहे, व्यसन नाही, शेतात राबतो, आईला जपतो. म्हणूनच मला त्याची धास्ती होती. आमरसाची दुसरी वाटी संपवून त्याने सहज विषय काढला. कांद्याच्या वाहतुकीला एक पिकअप बघितली आहे, सौदा चांगला आहे, सुरुवातीला भरायचे थोडे कमी पडतात. मग उसासा टाकला. तो उसासा मी ओळखला. फुवांचाही तसाच, फुईच्या सासऱ्यांचाही तसाच असणार.

"माय, तू चांदी लीधी म्हने? वीट का?"

फुईने काही न बोलता लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. घे, माग आता!

"अरे बापरे! पायमा?" स्वप्नील हसतच खाली बसला. तिचा पाय मांडीवर घेऊन कडं फिरवून पाहू लागला. ते फिरलं, निघालं नाही. त्याने तोंड कुठे आहे ते शोधलं, पाय थोडा तिरपा केला, आणि मग त्याचे हात कड्यावरून टाचेवर आले. टाचेला इतक्या खोल भेगा होत्या, की त्यांत गोठ्यातली माती कायमची बसली होती. अंगठ्याचं नख म्हशीच्या खुराखाली येऊन काळं पडलेलं. घोट्याभोवती, कड्याच्या वर, जुन्या कड्यांचा बारीक पांढुरका वण होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मोडलेल्या कड्यांचा. तो त्याने पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगायचं तर मीही.

तो त्या वणावरून अंगठा फिरवत राहिला.

आणि तेवढ्यात फुईनेच घात केला. पोरगा गप्प बसलेला तिला सहन होईना.

"इतली नड शे का रे?" ती म्हणाली. "नड व्हई ते काप. झुलाल नाना गावमाच शेतस. ली जाय."

मला असा संताप आला, की मी हातातली वाटी आपटली. जळगावची फेरी, तांबं, मोगरी, सगळं पाण्यात! मी तोंड उघडणार, तोच स्वप्नील बोलला.

"नही, माय."

"आरे, मीच सांगस ना—"

"नही," तो पुन्हा म्हणाला. मान वर केली नाही. मला म्हणाला, "मेघाताई, घरात खोबरेल आहे का?"

मी तेल गरम करून आणलं. तो भेगांत तेल जिरवत राहिला, आणि फुई त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. एवढासा शब्द आणि तो इतका सरळ म्हणता येतो, याचंच तिला नवल वाटत असावं. निघायची वेळ झाली, बस चुकेल म्हणून मी दोनदा ओरडले. तिने पाय काही त्याच्या मांडीवरून काढला नाही.