आत्याबाईंचं मौनव्रत

आमची पोर अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द काढीना. ऐकायला सगळं यायचं. "चप्पल आण" म्हटलं की आणायची, "आबांचा चष्मा कुठाय" म्हटलं की बरोबर बोट दाखवायची. बोलायचं तेवढं नाव नको.

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, याचं कारण पक्कं करून टाकलं होतं. "पोटुशी असताना गिराणात विळीवर बसली व्हती, दुसरं काय!" हे त्या ओट्यावरनं सांगायच्या आणि कासुर्डीच्या वेशीपर्यंत ऐकू जायचं. त्यांचा आवाजच तसला. मळ्यातल्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, चहाला हाक मारली की शेजारच्या मळ्यातले दोघं-तिघंसुद्धा हात धुऊन यायचे. मी म्हणायचे, अहो, ग्रहणात मेथी निवडत होते, विळी कुठली? पण कोण ऐकतंय! खरं सांगते, नंतर नंतर माझं मलाच वाटायला लागलं की केलंच असेल मी काहीतरी. पोरीला मांडीवर घेतलं की रडू यायचं.

समोरच्या चाचींनी पोपटानं टोचलेला पेरू आणून दिला. तो खाल्ला की पोरं बोलतात म्हणे. पोरीनं अख्खा पेरू खाल्ला, हात फ्रॉकला पुसले आणि अजून पाहिजे म्हणून बोट दाखवलं.

शेवटी एसटीनं दौंडला पोरांच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्याबाई बरोबर होत्याच. डॉक्टरांनी पोरीच्या पाठीमागं वाटी वाजवून बघितली, कान तपासले, घसा बघितला. मग विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" आत्याबाईंनी नाव सांगितलं. "आज काय खाल्लंस?" आत्याबाईंनी तेही सांगितलं, वर भातावर तूप किती घातलं तेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, हिचा कान चांगला आहे, जीभ चांगली आहे. हिला बोलायला जागाच मिळत नाही. काही विचारलं की जरा थांबत जा. आणि तिनं मागायच्या आधी हातात देऊ नका."

"आन् गिराण?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही."

मी डॉक्टरांच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिले.

येताना एसटीनं पाटसचा थांबा सोडला तरी आत्याबाई गप्प. घरात पाय ठेवल्या ठेवल्या मात्र जाहीर केलं, "उद्यापास्नं हितं कुणी बोलायचं न्हाई. पोरीला जागा द्यायचीय."

"आत्याबाई, डॉक्टर थांबा म्हणाले, मुकं व्हा नाही म्हणाले."

"त्येच ते!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून घर चिडीचूप. आबा लई खूश होते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी रेडिओवरच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. नवऱ्यानं जेवताना चिमटीनं मीठ मागितलं, तर आत्याबाईंनी तंबाखूची पुडी ताटाशेजारी आणून ठेवली. चुकून कुणाच्या तोंडून काही निघालं की बाकीचे तिघं बोट ओठांवर ठेवून दटावायचे, "गप!" चाचींना वाटलं आमचं जोरात वाजलंय. बिचाऱ्या समजूत काढायला आल्या, तर त्यांनाही "गप!"

तिसऱ्या दिवशी दसऱ्याच्या बाजारासाठी झेंडू तोडून अंगणात ढीग घातला होता. टेम्पो यायचा होता. आम्ही ओट्यावर बसून मुक्यानंच चहा पीत होतो. तेवढ्यात चाचींची शेळी आली आणि तिनं सरळ ढिगात तोंड घातलं. आत्याबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी माझ्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तो बघतोय दुसरीकडेच. मग मात्र त्या उठल्याच आणि तीन दिवसांचं साठलेलं सगळं एकदम फुटलं.

"अगं मरे, माझा झेंडू! हाणा तिला! कुणाच्या जिवावर पोसलीय गं तुला—"

पोर ताडकन उभी राहिली. आजीपुढं गेली. ओठांवर बोट ठेवलं आणि खणखणीत म्हणाली, "गप!"

आवाज आजीचाच. शंका नाही.

आत्याबाई तोंड उघडं ठेवूनच खाली बसल्या. माझ्या हातातली कपबशी पडली, मी पोरीला उचलून छातीशी धरलं आणि हसू लागले का रडू लागले ते मलाच कळेना. शेळी निवांत चरत होती. नवरा काठी घेऊन उठला तर आत्याबाईंनी त्याचा सदरा धरला. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि त्या पुटपुटत होत्या, "खाऊ दे तिला. मला नातीनं गप केलंय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी हे अख्ख्या आळीला ओरडून सांगितलं. मी ओट्यावर पोरीला भात भरवत ऐकत बसले. सहा वर्षं त्या घरात नांदून मला जे एकदाही म्हणायची छाती झाली नव्हती, ते माझ्या लेकीनं पहिल्याच शब्दात म्हणून टाकलं होतं. आणि आत्याबाईंनी गिराणाचं नाव पुन्हा काढलं नाही.